सततची पिछेहाट, कारभाऱ्यांची पूर्वपीठिका आणि कंपन्यांचे डिजिटलीकरण

मीमांसक

कंपनी एक-दोन वर्षे मागे पडली की तिचे कारभारी हातपाय हलवू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण तीच कंपनी सलग सहा-सात वर्षे मागे पडत राहिली, तर तिच्या संगणकीकरणाचे, आजच्या भाषेत डिजिटलीकरणाचे, काय होते? आणि त्या काळात वरच्या खुर्चीत बसलेला माणूस हिशेब विभागातून आलेला आहे, कारखान्यात वाढलेला आहे की विक्रीतून वर चढलेला आहे, यावर त्या डिजिटलीकरणाचे स्वरूप किती अवलंबून असते? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत असे माझे मत बनत चालले आहे. ते तपासून घ्यावे म्हणून हा चर्चेचा धागा काढतो आहे.

पहिल्या प्रश्नावर अभ्यासकांची दोन जुनी उत्तरे आहेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेतील रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च यांनी १९६३ मध्ये असे मांडले, की कंपनीचे कारभारी कमाल नफ्याच्या मागे नसतात. स्वतःच्या मागील वर्षांकडे आणि बरोबरीच्या कंपन्यांकडे पाहून ते मनात एक अपेक्षा धरतात आणि कामगिरी त्या रेषेखाली गेली की नव्या वाटा शोधू लागतात. १९८१ मध्ये बॅरी स्टॉ, लान्स सँडलँड्स आणि जेन डटन यांनी नेमकी उलट बाजू दाखवली. संकट गडद झाले की निर्णय वरच्या दोन-चार माणसांच्या हाती एकवटतात, बाहेरची माहिती आत येणे कमी होते आणि संस्था जुन्याच सवयींना अधिक घट्ट धरून बसते. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि त्यांतले कोणते केव्हा लागू पडेल, हे पिछेहाट किती काळ चालली आहे यावर ठरते. सुरुवातीच्या तोट्यात शोध सुरू होतो. तो तोटा अंगवळणी पडला की शोध थांबतो आणि फक्त जीव वाचवण्याची धडपड उरते.

शोध कोणत्या दिशेने जाईल, हे मात्र तोटा सांगत नाही. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी १९८४ मध्ये म्हटले, की कंपनीच्या निवडींमध्ये तिच्या वरिष्ठांचे वय, शिक्षण आणि ते ज्या विभागात वाढले तो विभाग उमटलेला असतो. विक्री आणि संशोधनातून आलेला माणूस बाजारात काय नवे देता येईल ते पाहतो, तर उत्पादन आणि हिशेबातून आलेला माणूस आतला खर्च कसा उतरेल ते पाहतो.

फोटोची फिल्म बनवणाऱ्या अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे उदाहरण झिजलेले आहे, तरी या दृष्टीने ते पुन्हा पाहावे असे मला वाटते. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने कंपनीच्या गावी, रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत डिजिटल कॅमेरा जुळवला; एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. शोध घरात लागला होता, पण घराचे कर्ते रसायनशास्त्रात आणि फिल्मच्या कारखान्यात वाढलेले होते. १९९० मध्ये प्रमुख झालेले के व्हिटमोर हे रसायन अभियंते, सारी हयात कोडॅकमध्ये घालवलेले. १९९३ मध्ये संचालक मंडळाने त्यांना दूर करून मोटोरोलाचे जॉर्ज फिशर यांना आणले. २००५ मध्ये प्रमुखपद अँटोनिओ पेरेझ यांच्याकडे गेले. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये त्यांनी पंचवीस वर्षे काढली होती आणि तेथील इंकजेट प्रिंटरचा धंदा सांभाळला होता. त्यानंतर दोनच वर्षांत, २००७ मध्ये, कोडॅकने घरगुती इंकजेट प्रिंटर बाजारात आणले. बुडत्या कंपनीने भविष्य कुठे शोधले? नवा प्रमुख जिथून आला होता, तिथे.

सदस्यांनी आपापल्या अनुभवातून या मांडणीला छेद द्यावा किंवा भर घालावी, ही विनंती.

रॉचेस्टरकर

मी या गावात बावीस वर्षे राहतो आहे आणि माझ्या गल्लीतल्या निम्म्या घरांत कोडॅकमधून निवृत्त झालेली माणसे आहेत, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही. २००७ मध्ये कोडॅक पार्क या कारखान्याच्या परिसरातल्या इमारती सुरुंग लावून पाडल्या, तेव्हा तिथे काम केलेले लोक कुटुंबासह पाहायला जमले होते, ही आठवण इथे अजून निघते.

मीमांसक यांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. डिजिटलकडे वळण्याची खरी वेळ होती त्या काळात कोडॅक तोट्यात नव्हती. फिल्मवरचा नफा इतका दांडगा होता, की कुठलाही नवा धंदा त्याच्या तुलनेत भिकारच दिसला असता. पिछेहाट नव्या शतकाबरोबर सुरू झाली. सप्टेंबर २००३ मध्ये कंपनीने वार्षिक लाभांश प्रत्येक शेअरमागे १.८० डॉलरवरून ५० सेंटवर आणला आणि तो पैसा डिजिटलमध्ये घालणार असे सांगितले, तेव्हा भागधारक संतापले. म्हणजे सायर्ट आणि मार्च म्हणतात तसा शोध तोटा दिसू लागल्यावरच पेटला. तो खोटाही नव्हता, कारण २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे कोडॅकचेच विकले गेले. पण कॅमेऱ्यात फिल्मसारखी कमाई नव्हती.

पेरेझ यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रिंटर स्वस्त विकायचा आणि शाई महाग विकून कमवायचे, ही त्या धंद्याची रीत. त्यांनी ती उलटी केली, प्रिंटर थोडा महाग आणि शाई स्वस्त ठेवली. आपल्या जुन्या धंद्याचे मर्म ज्याला पुरते ठाऊक आहे, त्यालाच असा डाव सुचतो. पूर्वपीठिकेने त्यांना आंधळे केले असे मला वाटत नाही. तिने एका खोलीत लख्ख उजेड पाडला आणि बाकीचे घर अंधारात राहिले. १९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरगुती प्रिंटरांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले.

शारंगपाणी

दोघांच्याही प्रतिसादांतून शिकायला मिळाले, तरी एक मूलभूत हरकत नोंदवतो. कोडॅकची कहाणी विकण्याच्या वस्तूची आहे. वस्तू डिजिटल होणे वेगळे आणि कंपनीचा आतला कारभार, म्हणजे साठा, मागणी, ग्राहकाची नोंद, किंमत ठरवणे, हे सारे डिजिटल होणे वेगळे. पहिल्यात जुना धंदा मरतो, दुसऱ्यात तो तगू शकतो. धाग्याचा विषय दुसरा आहे असे मी समजतो, आणि त्यासाठी अमेरिकेतील बेस्ट बाय हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान अधिक उपयोगी ठरेल.

तेथे २००९ मध्ये प्रमुख झालेले ब्रायन डन हे १९८५ मध्ये दुकानात विक्रेता म्हणून लागलेले गृहस्थ. दुकान त्यांना तळहातासारखे ठाऊक होते. लोक दुकानात येऊन टीव्ही पाहत आणि घरी जाऊन अ‍ॅमेझॉनवर मागवत. ही गळती वाढत गेली. एप्रिल २०१२ मध्ये डन पायउतार झाले आणि सप्टेंबरमध्ये ह्यूबर्ट जोली आले. जोली यांनी किरकोळ विक्रीचे दुकान कधी चालवले नव्हते. सल्लागार संस्था, संगणक सेवा कंपनी, व्हिडिओ गेम, प्रवास आणि हॉटेल असा त्यांचा प्रवास. पहिल्याच आठवड्यात ते मिनेसोटातील सेंट क्लाउडच्या दुकानात, आपण शिकाऊ प्रमुख आहोत असा बिल्ला छातीवर लावून, कर्मचाऱ्यांबरोबर उभे राहिले.

त्यांनी पुढे जे केले, त्यात संगणकाची नवलाई फारशी नाही. संकेतस्थळावर वस्तू शोधली तर ती सापडावी, इतकी साधी गोष्ट आधी दुरुस्त केली. ऑनलाइन मागणी आली आणि गोदामात माल नसला, तर तो जवळच्या दुकानातून पाठवण्याची सोय केली. २०१३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांच्या किमतीला किंमत जुळवून देण्याचे जाहीर केले. हजारांहून अधिक दुकाने गळ्यातले लोढणे वाटत होती, तीच आता छोटी गोदामे झाली. दुकानात हयात घालवलेल्या माणसाला दुकान म्हणजे विक्रीची जागा एवढेच दिसत आले असावे, असा माझा तर्क आहे. बाहेरून आलेल्याला तिथे साठा दिसला.

परंतु जोली यांनी आधीच्या माणसांचे ज्ञान फेकून दिले नाही, त्यांना विचारत विचारत ते पुढे गेले. मीमांसक पूर्वपीठिका मोजतात, तेव्हा हा विचारण्याचा स्वभाव कुठल्या रकान्यात बसवतात?

लेथवाला

मी भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा भागीदार आहे. त्याआधी सतरा वर्षे चाकणला दुसऱ्या एका कंपनीत उत्पादन विभागात होतो. नाव सांगणार नाही, पण जे घडले ते तपशिलाने सांगतो, कारण मीमांसक यांचा "अंगवळणी पडलेला तोटा" हा शब्दप्रयोग मला फार जवळचा वाटला.

त्या कंपनीत मी असताना दोनदा ईआरपी, म्हणजे साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, आले. पहिल्यांदा आले तेव्हा कंपनीला लागोपाठ दोन वर्षे ग्राहकाकडून डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, येत होत्या, माल वेळेवर जात नव्हता. त्या वेळचे संचालक स्वतः टूलरूममधून, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागातून, वर आलेले. ते संध्याकाळी शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, यायचे, कामाच्या नोंदीचे जॉब कार्ड हातात घ्यायचे आणि विचारायचे, की हा आकडा कोणी लिहिला, केव्हा लिहिला. ईआरपी बसवणाऱ्यांना त्यांनी अट घातली, की ऑपरेटरला तीनपेक्षा अधिक नोंदी कराव्या लागू नयेत: किती बनले, किती रिजेक्ट झाले, मशीन किती वेळ बंद होते. सेटिंगला लागणारा वेळ सुपरवायझर भरेल. ते वर्षभरात रुळले. डिस्पॅचला माणूस पाठवून माल मोजावा लागत नसे, पडद्यावर दिसत असे, आणि जे दिसे ते खरे असे.

पुढे वाहन उद्योगात मंदी आली, मोठा ग्राहक गेला आणि कंपनी सलग सहा वर्षे तोट्यात राहिली. या सहा वर्षांत चार प्रमुख झाले. चौथे गृहस्थ वित्त विभागातले, अत्यंत सचोटीचे, रात्री उशिरापर्यंत बसणारे. त्यांनी दुसरे, अधिक महागडे ईआरपी आणले. हेतू उघड होता, बँकेला दर महिन्याला आकडे हवे होते. त्यामुळे जे काही मोजायचे ते बँकेला दाखवण्यासाठी मोजले जाऊ लागले. ऑपरेटरच्या तीन नोंदींच्या अकरा झाल्या. माणसे कमी केलेली होतीच, म्हणून शिफ्ट संपताना एक मुलगा सगळ्या मशीनच्या नोंदी अंदाजाने भरू लागला. महिनाअखेरीस साठ्याचा आकडा आणि रॅकवरचा माल यांचा मेळ बसेना, तेव्हा स्टोअरवाल्याने पुन्हा वही काढली. शेवटची दोन वर्षे आम्ही वहीवर धंदा केला आणि ईआरपी बँकेसाठी चालवले.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. पहिले ईआरपी आले तेव्हा कंपनीकडे चुकायला वेळ होता. दुसरे आले तेव्हा प्रत्येक महिना शेवटचा असल्यासारखा जगत होतो. मीमांसक लांबलेला तोटा आणि प्रमुखाची पूर्वपीठिका ही दोन स्वतंत्र कारणे मानतात, पण मला तसे दिसले नाही. लांबलेल्या तोट्यानेच टूलरूमवाले जाऊन वित्तवाले खुर्चीत आले.

मीमांसक

लेथवाला, आपला शेवटचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. तोटा आणि प्रमुखाची निवड हे दोन वेगवेगळे घटक मानून मी त्यांचा गुणाकार करत होतो. तोटाच प्रमुख निवडतो हे ध्यानात घेतले, तर सारी मांडणी नव्याने करावी लागेल. कोडॅकमध्येही फिशर आले ते व्हिटमोर यांच्यावर मंडळ नाराज झाले म्हणूनच.

शारंगपाणी यांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. या विषयावर चीनमधील शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर बरेच संशोधन होत आहे. त्यातील पुष्कळसे अभ्यास डिजिटलीकरण मोजण्यासाठी कंपनीच्या वार्षिक अहवालात "क्लाउड", "विदा" (डेटा), "कृत्रिम बुद्धिमत्ता" यांसारखे शब्द किती वेळा आले ते मोजतात, आणि वरिष्ठांची पूर्वपीठिका त्यांच्या छापील परिचयावरून ठरवतात. लेथवाला यांची कंपनी अशा मोजणीत बसवून पाहिली, तर वहीवर धंदा चाललेली ती दोन वर्षे सर्वाधिक डिजिटल ठरण्याची शक्यता आहे, कारण अहवालात ईआरपीचा गौरव तेव्हाच सर्वाधिक झाला असणार. पिछेहाटीत असलेल्या कंपनीला भागधारकांसमोर आशेचे शब्द मांडावेच लागतात. शब्द मोजणाऱ्या पद्धतीत कृती आणि ग्वाही यांतला फरक दिसत नाही, आणि हा फरक दीर्घ तोट्याच्या काळातच सर्वाधिक असतो. म्हणून मला हा केवळ पद्धतीतला किरकोळ दोष वाटत नाही.

जुनी खतावणी

मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे आमच्या शाखेत खात्यांच्या नोंदी करणारे लेजर पोस्टिंग मशीन आले, तेव्हापासून सर्व शाखा एकाच प्रणालीत जोडणाऱ्या कोअर बँकिंगपर्यंतचा सारा प्रवास मी काउंटरच्या आतून पाहिला आहे.

पूर्वपीठिकेवर इतका भर दिला जातो आहे, पण मुदतीबद्दल कोणी बोललेले नाही. सरकारी बँकांमध्ये प्रमुख बहुधा दुसऱ्या बँकेतून येई आणि दोन-तीन वर्षांत निवृत्त होई. त्याला बँकेची ओळख होईपर्यंत एक वर्ष जाई, आणि शेवटच्या वर्षी मोठी निविदा काढायला तो धजत नसे, कारण चौकशी निवृत्तीनंतरही मागे लागू शकते. उरलेल्या काळात संगणकीकरणासारखे चार-पाच वर्षांचे काम हाती कोण घेणार? आमच्या बँकेत एका प्रमुखाने सुरू केलेली प्रणाली दुसऱ्याने थांबवली आणि तिसऱ्याने वेगळ्या नावाने पुन्हा सुरू केली. तिन्ही वेळा शाखेतल्या लोकांनी रविवारी येऊन खाती तपासली. तिसऱ्या वेळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

बँक ऑफ महाराष्ट्रकडे मी एक खातेदार म्हणून पाहत आलो आहे. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर त्वरित सुधारणा कारवाईची, म्हणजे आर्थिक स्थिती खालावलेल्या बँकेवर घालतात ती, बंधने घातली आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस ती उठवली. डिसेंबर २०१८ मध्ये आलेले ए. एस. राजीव पाच वर्षांहून अधिक काळ प्रमुखपदी राहिले, आणि पुढील वर्षांत कर्जवाढीच्या बाबतीत ही बँक सरकारी बँकांमध्ये अग्रभागी राहिली. याचे श्रेय एका कारणाला देणे चूक ठरेल, पण एकच माणूस पाच वर्षे खुर्चीत राहिला ही गोष्ट मी दुर्लक्षिण्याजोगी मानत नाही.

शारंगपाणी

खतावणीकाका, मुदतीचा मुद्दा मान्य आहे, पण दीर्घ मुदत पुरेशी नसते याचा दाखला जनरल इलेक्ट्रिक (जीई) या अवजड यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा आहे. जेफ इमेल्ट तेथे २००१ ते २०१७ असे सोळा वर्षे प्रमुख होते आणि या सबंध काळात शेअर बाजाराने कंपनीला मागेच ठेवले. २०११ मध्ये त्यांनी सिस्को या तंत्रज्ञान कंपनीमधून बिल रुह यांना आणले, कॅलिफोर्नियात सॅन रमोन येथे सॉफ्टवेअरचे वेगळे केंद्र उभारले, २०१५ मध्ये जीई डिजिटल स्थापली आणि २०२० पर्यंत जगातील पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत जाण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१५ च्याच फेब्रुवारीत चाकणच्या त्यांच्या कारखान्याचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. एकाच छपराखाली विमानाच्या इंजिनापासून पवनचक्कीपर्यंतचे भाग बनवणारा आणि यंत्रे एकमेकांशी बोलणारा "ब्रिलियंट फॅक्टरी" असे त्याचे वर्णन होते.

मुदत होती, पैसा होता, डिजिटलचा माणूसही होता. पण तो माणूस कारखान्यांपासून दूर बसलेला होता, आणि कारखान्यांच्या प्रश्नांतून सॉफ्टवेअर घडवावे की बाजारात विकण्यासाठी, हा पेच सुटला नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकी शेअर बाजाराच्या डाऊ निर्देशांकातून कंपनी बाहेर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेले लॅरी कल्प हे डॅनाहर या औद्योगिक कंपनीचे, शॉपवर उभे राहून एकेक अडचण सोडवण्याच्या पद्धतीत मुरलेले. कंपनीच्या सव्वाशे वर्षांत बाहेरून आलेले ते पहिले प्रमुख.

वैमानिक नव्हे

वाचनमात्र होते, पण एअर इंडियाचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहिते. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यापासून ती सतत तोट्यात होती; जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे आली. टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन हे टीसीएसमध्ये घडलेले, तर २०२२ मध्ये नेमलेले प्रमुख कॅम्पबेल विल्सन सिंगापूरच्या स्कूट या विमान कंपनीतून आलेले. २०२४ मध्ये मुंबई आणि नवी दिल्ली येथील स्वतःची डेटा सेंटरे बंद करून कारभार क्लाउडवर नेल्याचे कंपनीने सांगितले. तोटा मात्र संपलेला नाही. पंधरा वर्षे गुंतवणुकीविना राहिलेल्या खुर्च्या आणि विमाने सर्व्हरइतक्या लवकर बदलत नाहीत. प्रवाशाला ॲप सुधारलेले दिसते आणि समोरचा पडदा बंद दिसतो. संगणकातून आलेले वरिष्ठ आधी संगणक दुरुस्त करतात हे कोडॅकच्या प्रिंटरशी जुळते का, की तेवढेच लवकर होण्यासारखे होते?

मीमांसक

दोन्ही असावे. मालक बदलला म्हणजे अंगवळणी पडलेला तोटा तुटतो आणि शोध पुन्हा सुरू होतो, इतके मात्र या उदाहरणावरून दिसते.

उमेदवार

मी पुण्यात व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रमुखाला तंत्रज्ञानाचे शिक्षण असणे आवश्यक आहे का, एवढेच विचारायचे आहे. आम्हाला डॉमिनोजचे उदाहरण शिकवले, तेथील पॅट्रिक डॉइल हे विपणनातून वर आलेले, पूर्वी बाळांच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत होते. त्यांच्या काळात अमेरिकेतील निम्म्याहून अधिक विक्री डिजिटल मार्गाने होऊ लागली. आणि लेथवाला सर, आपल्या आताच्या कंपनीत आपण काय केले, हेही जाणून घ्यायला आवडेल.

लेथवाला

डॉइल यांच्याबद्दल मी वाचले आहे. २०१० मध्ये त्यांनी सूत्रे घेतली त्याच सुमारास कंपनीने आपला पिझ्झा लोकांना आवडत नाही हे जाहिरातीत कबूल करून तो बदलला होता. ॲपवरून मागवलेला पिझ्झा बेचव निघाला असता, तर त्या ॲपचा काय उपयोग झाला असता? विपणनातल्या माणसाला ते कळले, म्हणून शिक्षणाचा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे.

आमच्याकडे नऊ मशीन आहेत. मागील दोन वर्षे बरी गेली नाहीत, हे मान्य करतो. माझा भागीदार हिशेबातला आहे आणि मी उत्पादनातला, त्यामुळे नवी प्रणाली घेताना आमचे चार महिने एकमत होत नव्हते. शेवटी एका मशीनवर फक्त बंद वेळेची नोंद सुरू केली. ऑपरेटर स्वतः कारण निवडतो: टूल नाही, माल नाही, सेटिंग, वीज. पहिल्या महिन्यात सर्वाधिक वेळ "माल नाही" या कारणाने गेल्याचे निघाले. मला मशीन दोषी वाटत होते आणि भागीदाराला ऑपरेटर. कच्चा माल उशिरा येत होता, कारण पुरवठादाराचे पैसे आम्ही थकवले होते. आता दुसऱ्या मशीनवर नोंद सुरू करतो आहोत. दिवाळीनंतर इथे पुन्हा लिहीन.